डबीवरचे महिने मोजू नका, चाक बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की गाडीवाल्यांची लगबग सुरू होते. वायपरची रबरे बदलली जातात, बॉनेटला पॉलिश होते, काचेवर पाणी न ठरणारे औषध फासले जाते. चाकांच्या वाट्याला मात्र धुणाऱ्याच्या बादलीतले शेवटचे काळे पाणी येते. हल्ली निदान दुकानांत खास चाकांसाठीची मेणे, सीलंट आणि सिरॅमिक कोटिंगच्या बाटल्या मिळू लागल्या आहेत आणि लोक त्या घेतातही. घेताना बघतात काय, तर डबीवर छापलेले महिने. तीन महिन्यांची डबी स्वस्त, चोवीस महिन्यांची बाटली महाग, आणि महाग ते चांगले! गाड्यांच्या धुलाई-पॉलिशच्या धंद्यात चाकांशी रोजची गाठ असल्याने आम्हाला हे खटकते. चाकावर काय टिकेल ते छापील महिने ठरवत नाहीत. चाकाचा पृष्ठभाग कसला आहे, ते किती तापते आणि दर आठवड्याला कशाने धुतले जाते, यावर सगळे अवलंबून असते.

चाकावरची काळी धूळ ही रस्त्याची धूळ नव्हे. ब्रेक दाबला की चाकासोबत फिरणारी बिडाची डिस्क आणि तिला दाबून धरणारे ब्रेक पॅड दोन्ही झिजतात आणि लोखंडाचे तापलेले बारीक कण, पॅडमधल्या राळेसकट, रिमवर जाऊन बसतात. गरम असतानाच बसत असल्याने ते वरच्या लॅकरला, म्हणजे चाकावरच्या पारदर्शक थराला, डसतात. मग पाऊस लागला की त्या कणांना गंज चढतो. पांढऱ्या किंवा चंदेरी मॅगव्हीलवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकावर, जे तपकिरी ठिपके दिसतात ते चाकाचे नसतात, कारण ॲल्युमिनियमला तसा तांबूस गंज येतच नाही. तो या चिकटलेल्या लोखंडाचा गंज असतो. पुढच्या चाकांवर धूळ जास्त दिसते, कारण ब्रेकचे बरेचसे काम पुढचीच चाके करतात आणि आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांना मागे बंद ड्रम ब्रेक असतो. इलेक्ट्रिक गाडीत वेग उतरवण्याचे बरेच काम मोटरच करते, म्हणून तिची चाके तुलनेने स्वच्छ राहतात. ही धूळ किती असते याची कल्पना यायला एक आकडा पुरे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो-७ नियमांत ब्रेकमधून हवेत उडणाऱ्या बारीक कणांना प्रथमच मर्यादा घातली गेली. बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आणि निव्वळ इलेक्ट्रिक गाड्यांना ३ मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादा पाळणाऱ्या गाडीचेही दहा हजार किलोमीटरला ७० ग्रॅमपर्यंत कण नुसते हवेत जाऊ शकतात. चाकावर चिकटून बसणारा माल वेगळाच.

मेण किंवा सीलंट ही धूळ अडवत नाही, हे आधी समजून घ्यावे. धूळ पडणारच. थर असला तर ती लॅकरला न डसता थरावर बसते आणि नुसत्या पाण्याने व साबणाने सुटते. एवढेच काम, पण तेवढे झाले तरी चाकाचे आयुष्य वाढते.

आता चाकाकडे बघू. बहुतेकांना वाटते, मॅगव्हील म्हणजे उघडे ॲल्युमिनियम. तसे क्वचितच असते. कारखान्यातून येणाऱ्या मिश्रधातूच्या चाकावर प्रायमर, रंग आणि वर पारदर्शक लॅकर असे थर असतात. आपण मेण लावतो ते धातूला नाही, लॅकरला. शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. पांढऱ्या फडक्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढे मेटल पॉलिश घ्यावे आणि स्पोकच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, रुपयाएवढ्या भागावर हलके घासावे. फडके काळे पडले तर धातू उघडा आहे. काळे पडले नाही तर वर लॅकर आहे, आणि मग ते मेटल पॉलिश त्या चाकावर पुन्हा वापरू नये. पितळी समया घासायचे पॉलिश मॅगव्हीलवर चोळणारे महाभाग आहेत; त्याने चार दिवस चमक येते आणि लॅकर पातळ होत जाते.

सर्वांत नाजूक प्रकार हल्ली वरच्या मॉडेलना सर्रास येतो तो, डायमंड कट. काळ्या किंवा राखाडी चाकाचा दर्शनी भाग लेथवर कापून चकचकीत केलेला असतो. जवळून पाहिले तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा दिसतात. इथे कापलेल्या धातूवर थेट लॅकर असते आणि कापाच्या धारदार कडेवर ते सर्वांत पातळ बसते. त्या कडेला फुटपाथ घासला, खडी लागली किंवा टायरवाल्याच्या लोखंडी पहारीचा ओरखडा गेला की पाणी आणि क्षार लॅकरखाली शिरतात. मग आतल्या आत पांढुरक्या, गांडुळाच्या वाटेसारख्या वळवळत्या रेषा पसरू लागतात. त्या एकदा दिसल्या की वरून कितीही भारी सीलंट लावा, आतली कुज थांबत नाही. उपाय एकच, लॅकर काढून पुन्हा लेथवर कापणे. दर वेळी धातू थोडा थोडा कमी होतो, त्यामुळे तेही मोजक्याच वेळा करता येते. म्हणून डायमंड कट चाकाला संरक्षण पहिल्या पावसाआधी हवे, डाग पडल्यावर नव्हे. कडेला बारीक ओरखडा दिसला तर आधी तो स्वच्छ व कोरडा करून छोट्या ब्रशने क्लिअर लॅकरचा ठिपका द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, मग सीलंट. आधी सीलंट लावले तर लॅकर धरतच नाही.

मॅट (बिनचमकीच्या) किंवा सॅटिन (मंद चमकीच्या) चाकाला चमक देणारे मेण चुकूनही लावू नये. हात जास्त फिरला तिथे चकाकते, कमी फिरला तिथे तसेच राहते, आणि चाक चट्टे उठल्यासारखे दिसते. त्यांच्यासाठी 'मॅट फिनिश' असे स्पष्ट लिहिलेलेच सीलंट घ्यावे. साध्या लोखंडी चाकांचा प्रश्न वेगळा. प्लॅस्टिकच्या व्हील कॅपमागे ती गंजत राहतात आणि कोणी बघत नाही. वर्षातून एकदा कॅप काढून, वेल्डिंगच्या सांध्यावरचा गंज तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर आणि काळा रंग मारला तर त्यावर सीलंटला अर्थ आहे. गंजावर थेट मेण म्हणजे ओल्या भिंतीवर डिस्टेंपर.

आता डब्यांकडे वळू. मेण म्हणजे बहुधा कार्नौबा. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून ते मिळते आणि नैसर्गिक मेणांत सर्वांत कडक समजले जाते. तरी ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. मधमाशीचे मेण ६२-६४ अंशांनाच पातळ होते. डबीतल्या मेणात कार्नौबाखेरीज इतर मऊ मेणे आणि तेलेही मिसळलेली असतात, त्यामुळे ते त्याच्याही आधी नरम पडते. शहरातल्या साध्या वापरात रिम हाताला कोमट लागते, तोवर ठीक आहे. पण खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला, तर खाली आल्यावर पुढच्या चाकाच्या स्पोकवर बोट टेकवत नाही. डिस्क तर त्याच्या कितीतरी पट तापलेली असते. अशा चाकावर मेण मऊ होते आणि त्यातच ब्रेकची धूळ रुतते; संरक्षणाऐवजी चिकट सापळा तयार होतो. 'मेण लावल्यापासून चाक जास्तच काळे होते' ही तक्रार ऐकू येते तिचे एक कारण हे. कार्नौबाची झळाळी सुंदर असते, त्याबद्दल वाद नाही. ती बॉनेटला द्यावी. (घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या ओढीवर उतरला तर चाकेही वाचतात आणि ब्रेकही. हे सीलंटपेक्षा स्वस्त आहे.)

दुसरा प्रकार पॉलिमर सीलंटचा. हे सिलिकॉन आणि ॲक्रिलिक जातीचे कृत्रिम पदार्थ असतात. डबीत घट्ट किंवा फवाऱ्याच्या बाटलीत पातळ, दोन्ही रूपांत मिळतात. मेणापेक्षा उष्णता चांगली सोसतात, डिटर्जंटपुढेही थोडे जास्त टिकतात. रोज गाडी वापरणाऱ्याला चाकावर त्यांचे दोन ते तीन महिने धरावेत. डबीवर सहा लिहिलेले असले तरी. लावायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, बिघडले तर पुसून पुन्हा लावता येते, आणि चाक न काढता काम होते. आमचा कौल बहुसंख्य गाड्यांसाठी यालाच आहे.

तिसरे सिरॅमिक. सिलिकायुक्त पातळ द्रव, तो हवेतल्या दमटपणाशी जुळून कडक काचेसारखा पापुद्रा धरतो. नीट लावला तर चाकावर वर्ष-दीड वर्ष काम देतो आणि उष्णतेला खरोखर पुरून उरतो. पण त्याच्या अटी फार. चाक गाडीवरून उतरवून आत-बाहेर धुवावे लागते, पृष्ठभाग निर्दोष लागतो आणि एकदा बसल्यावर चूक नुसत्या फडक्याने निघत नाही. नवी चाके, नव्याने रंगवलेली चाके, किंवा खूप आत गेलेले स्पोक असलेली, दर आठवड्याला साफ करायला वैताग आणणारी चाके यांना सिरॅमिक शोभते. ओरखडलेल्या, डाग पडलेल्या आठ वर्षांच्या चाकाला नाही. तिथे ते डागच काचेखाली जपून ठेवण्यासारखे होते.

बाटलीवरच्या 'नाइन एच'बद्दलही सांगायला हवे. विक्रेता सांगतो, हिऱ्याच्या खालोखाल कठीण! हिऱ्याशी तुलना होते ती खनिजांचा कठीणपणा लावणाऱ्या मोह्सच्या १८१२ च्या श्रेणीत, जिथे १० म्हणजे हिरा आणि ९ म्हणजे कुरुंद. बाटलीवरचा 'नाइन एच' हा पेन्सिलीचा आकडा आहे. रंगाच्या थरावर ठरावीक दाबाने वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ओढतात आणि कुठली ओरखडा काढते ते बघतात. दोन्ही मोजमापांचा एकमेकींशी संबंध नाही. कोटिंग केलेले चाक फुटपाथला घासले तर ते घासणारच.

तसेच 'टेफ्लॉन'. नवी गाडी घेताना शोरूममध्ये हे अजून विकले जाते. टेफ्लॉन हे पीटीएफई या प्लॅस्टिकचे व्यापारी नाव. त्याचा शोध १९३८ चा. ते ३२७ अंशांना वितळते आणि तव्यावर धरून बसावे म्हणून भट्टीत त्याच्याही वरच्या तापमानाला भाजावे लागते. गाडीचा रंग किंवा चाकाचे लॅकर तसे भाजता येत नाही. थंड चाकावर फडक्याने लावलेल्या द्रवात त्याची पूड असली, तरी धरून ठेवण्याचे काम सोबतचे मेण किंवा सिलिकॉनच करते. तेव्हा त्याचा दर मेणाच्या दराशी ताडून पाहावा, तव्याच्या नाही.

निवड झाली, आता लावणे. खरी गंमत आणि खरे नुकसान दोन्ही इथेच. दहापैकी आठ वेळा सीलंट वाईट नसते. खालचे चाक अस्वच्छ असते.

गाडी थांबल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्यावा. रिमला तळहात आरामात टेकला पाहिजे. तापलेल्या चाकावर कोणतेही क्लीनर मिनिटभरात वाळते आणि डाग सोडते. तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा झोत मारणेही बरे नाही. सावलीत, एका वेळी एकच चाक घ्यावे. आधी नुसत्या पाण्याने चिखल उतरवावा, स्पोकच्या मागे आणि नटांच्या खळग्यांत विशेष. मग गाडीच्या सौम्य शाम्पूचे पाणी आणि मऊ ब्रश. चाकांची बादली, ब्रश आणि फडकी कायमची वेगळी ठेवावीत. चाकाचे फडके बॉनेटवर फिरले की लोखंडाच्या कणांनी रंगावर जाळे उमटते. सोसायटीत रोज गाडी पुसणाऱ्या काकांना हे एकदा समजावून सांगावे, आणि चाक कोरडे पुसू नका, हेही.

शाम्पूने न निघालेल्या लोखंडी कणांसाठी आयर्न रिमूव्हर मिळते. एका चाकाला पाच-सहा फवारे पुरतात. तीन-चार मिनिटांत द्रव जांभळा होऊन ओघळू लागतो. लोखंडाशी त्याची रासायनिक क्रिया होत असल्याची ती खूण. वास सडक्या अंड्यासारखा, म्हणून उघड्यावर, हातमोजे घालून काम करावे. ते चाकावर वाळू देऊ नये. ब्रश फिरवून भरपूर पाण्याने धुवावे. जांभळा रंग फार गडद आला तर दुसरा हात द्यावा. डांबराचे ठिपके उरले तर टार रिमूव्हर वापरावे. रॉकेलनेही निघतात, पण ते तेलकट पापुद्रा मागे ठेवते. वापरलेच तर पुन्हा शाम्पू हवा. इथे वॉशिंग सेंटरवरच्या एका सवयीबद्दल बोलले पाहिजे. चाक पटकन पांढरे दिसावे म्हणून काही ठिकाणी फरशी साफ करायचे ॲसिड पातळ करून मारतात. धूळ क्षणात निघते खरी. पण त्यासोबत लॅकर निस्तेज होते, उघडे ॲल्युमिनियम पांढरे पडते, नट आणि डिस्क गंजतात. कॉस्टिकचा कडक फेसही तसाच. ॲल्युमिनियमला ॲसिड आणि तीव्र क्षार दोन्ही खातात. गाडी टाकण्यापूर्वी 'चाकाला काय मारता' एवढे विचारावेच.

धुतल्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटे चाकावरून फिरवावीत. नुसत्या बोटांना न जाणवणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. खरखर असेल तर क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी: लाडवाच्या अर्ध्याएवढा गोळा चपटा करून, शाम्पूचे पाणी मारत, दाब न देता सरकवायचा. चाकावर वापरलेला क्ले बॉडीवर वापरू नये. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके असतील तर साधे पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून फडक्याने लावावे, मिनिटभराने धुवावे. हे फक्त लॅकर शाबूत असलेल्या चाकावर.

मग वाळवणे. यात घाई सर्वांना नडते. रिम कोरडी दिसते, पण नटांच्या खळग्यांत आणि मधल्या टोपीच्या फटीत पाणी असते. सीलंट लावून झाले की ते ओघळते आणि त्याच्या वाटेवर थर धरत नाही. हातपंप, ब्लोअर काहीही चालेल. काही नसेल तर गाडी सोसायटीत एक चक्कर फिरवून आणावी, पाणी बाहेर फेकले जाते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे करून फडक्याने पुसावे. शाम्पूची चमक, जुन्या टायर पॉलिशचे सिलिकॉन, बोटांचे तेल यामुळे जाते. हे सोडले तर सिरॅमिक पहिल्याच धुण्यात सुटू शकते. अल्कोहोल पेट घेते, जवळ विडी-काडी नको.

सीलंट चाकावर थेट फवारू नये. स्पंजावर दोन-तीन फवारे, किंवा घट्ट असेल तर शेंगदाण्याएवढे, एका चाकाला पुरे. थर जितका जाड तितका टिकाऊ, हा गैरसमज आहे. जाड थर नुसता पुसायला त्रास देतो आणि धूळ धरतो. स्पोकच्या दिशेने पातळ लावावे, डबीवर सांगितल्याप्रमाणे धुरकट होऊ द्यावे, बोटाने पुसून बघावे. बोटाखाली स्वच्छ पट्टा उमटला की मऊ मायक्रोफायबरने पुसून काढावे. तासाभराने दुसरा पातळ हात दिला तर सुटलेल्या जागा भरून निघतात. सिरॅमिकला हे लागू नाही. ते बोटाएवढ्या ॲप्लिकेटरवर थेंबाथेंबाने घेऊन, एका वेळी एक-दोन स्पोक, आणि इंद्रधनुषी झाक दिसताच, सहसा मिनिटभरात, समतल पुसावे लागते. चारही चाकांची दर्शनी बाजू ८ ते १० मिलि.मध्ये होते; आतली बाजूही धरली तर ३० मिलि.ची बाटली लागते. पुसायचे राहिलेले गडद चट्टे तास-दोन तासांत दिसले तर त्यावर त्याच द्रवाचा थेंब फिरवून लगेच पुसावे. दुसऱ्या दिवशी दिसले तर पॉलिशने घासण्यावाचून गत्यंतर नाही. सिरॅमिक लावल्यावर निदान बारा तास पाणी नको आणि आठवडाभर शाम्पू नको. जून-जुलैच्या दमट हवेत ते फार भराभर धरते, म्हणून हे काम मेच्या मध्यापर्यंत उरकावे. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नये, आतच घट्ट होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. सीलंटचा किंवा मेणाचा एक थेंबही ब्रेक डिस्क आणि पॅडवर जाता कामा नये. ब्रेक घसरेल. चाक उतरवून काम करत असाल तर हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याला) टेकणारा मधला सपाट भाग आणि नट बसतात ते उतरते खळगे कोरडे, स्वच्छ ठेवावेत. तिथे निसरडा थर आला की त्याच कसात (पान्याने पिळण्याच्या जोरात, म्हणजे टॉर्कमध्ये) नट जास्त ताणले जातात, शिवाय थर दबून बसल्यावर ढिलेही पडू शकतात. नट एकाआड एक, ताऱ्याच्या क्रमाने आवळावेत. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना ८५ ते १३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान कस लागतो. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. पायाने पान्यावर उभे राहणे हे मोजमाप नव्हे. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासावेत. चाक धुतल्यावर डिस्कवर तांबूस गंजाची साय येते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही; मोकळ्या जागी सावकाश चालवत पाच-सहा वेळा हलका ब्रेक मारला की जाते.

एक भानगड टायरच्या दुकानात होते. चाक न थरथरता फिरावे म्हणून करतात त्या बॅलन्सिंगची चिकटवायची वजने रिमच्या आतल्या बाजूला लागतात. तिथे सिरॅमिक किंवा सीलंट असले की वजनांचा चिकट पट्टा धरत नाही, वजन हायवेवर उडते आणि ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरू लागते. दोष बॅलन्सिंगवाल्यावर जातो. म्हणून आधी बॅलन्सिंग, मग आतून कोटिंग. आणि नंतर कधी वजन बदलायचे झाले तर ती जागा अल्कोहोलने, गरज पडल्यास बारीक घासून, मोकळी करून द्यावी. रिमच्या कडेला ठोकून बसवायची क्लिपवाली वजने मॅगव्हीलवर शक्यतो नकोत. क्लिपखाली लॅकर फुटते आणि कुजणे तिथूनच सुरू होते. ते रिमच्या टायर बसणाऱ्या कडेपर्यंत गेले तर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू उतरू लागते, आणि पंक्चरवाला खिळा शोधत बसतो.

सीलंट संपले हे कसे ओळखावे? पाण्याचे मोती होणे थांबले म्हणजे संपले, असे नेहमीच नसते. बऱ्याचदा थरावर धुळीचा लेप बसलेला असतो. आयर्न रिमूव्हर फिरवले की मोती परत येतात. भरवशाची खूण अशी की दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर चाकावर नुसता पाण्याचा झोत मारावा. बरीचशी काळी धूळ निघाली तर थर आहे. बोट ओढल्यावर काळी रेघ राहिली तर नवा हात द्यायची वेळ झाली. कपड्यांच्या डिटर्जंटने चाके धुतली जात असतील तर मेण दोन-तीन धुण्यांतच जाते, सीलंटही अकाली. साबण बदलणे हा नव्या डबीपेक्षा चांगला खर्च आहे.

पॉलिमर सीलंटचे वेळापत्रक आपल्याकडे सणांवर बसवता येते. पहिला हात मेच्या उत्तरार्धात, दुसरा गणपतीला गावी निघण्याआधी, तिसरा दिवाळीच्या साफसफाईत, चौथा होळीच्या सुमारास. कोकणात जाऊन आलेल्या गाडीची लाल माती वाळण्याआधी धुवावी, कारण वाळलेली माती पुसताना वाळूच्या कागदासारखी ओरखडते. समुद्राकाठी मुक्काम असेल तर रोज संध्याकाळी चाकांवर गोड्या पाण्याच्या दोन बादल्या ओताव्यात, स्पोकच्या मागूनही. खारे वारे सीलंट बघून थांबत नाहीत, आणि वाळूत तर गाडी घालूच नये.

उत्पादक आणि विक्रेत्यांकडे एक मागणी आहे. डबीवर महिने छापा, हरकत नाही. पण त्यासोबत मेण, पॉलिमर की सिरॅमिक हे मोठ्या अक्षरांत असू द्या. क्लीनर असेल तर त्याचा पीएच (आम्ल की क्षार हे सांगणारा आकडा), आणि उष्णता सोसण्याचा आकडा दिला असेल तर तो कशाचा, वाळलेल्या थराचा की त्यातल्या एखाद्या घटकाचा, तेही लिहा. मॅट चाकाला चालते की नाही हे एका ओळीत सांगता येते. आणि वापराच्या सूचना मराठीतही द्या. ती बाटली मालक विकत घेतो, पण पुष्कळदा चाकावर ती वापरतो तो वॉशिंग सेंटरवरचा पोरगा, आणि इंग्रजीतल्या बारीक अक्षरांत 'डिस्कवर फवारू नये' असे लिहिलेले त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आपले,
गाड्यांच्या धुलाई-पॉलिशच्या कामातली काही मंडळी, पुणे